जपानच्या छोट्या गावात इंग्रजी शिकवायला जायचंय? पहिल्या दाखल्यापासून परतीच्या कागदांपर्यंत

जपानमधल्या सरकारी शाळांत इंग्रजीच्या तासाला जपानी शिक्षकासोबत बऱ्याचदा एक परदेशी सहशिक्षक उभा असतो. त्याला तिथे सगळे एएलटी म्हणतात. बाहेरून जाणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात टोकियो किंवा ओसाका असतं, पण गरज असते ती डोंगरातल्या, किनाऱ्यावरच्या, रेल्वेच्या शेवटच्या स्थानकापुढच्या गावांत. मी हे काम ओकायामा प्रांताच्या डोंगराळ भागातल्या एका गावात केलं. पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभं राहिलं, ती बाग याच प्रांताच्या राजधानीत आहे. पण गाडी तिथून उत्तरेला वळली की बागा मागे पडतात आणि भातखाचरं, देवदाराची जंगलं आणि पटसंख्या घटत चाललेल्या शाळा सुरू होतात. हा लेख त्या शाळांसाठी आहे.

माझं मत आधीच सांगते: पहिल्या नोकरीसाठी शहरापेक्षा गाव चांगलं. मात्र तिथे तुमची परीक्षा वर्गातल्या 45 मिनिटांत होत नाही, उरलेल्या दिवसात होते. म्हणून शिकवण्याइतकंच राहण्याबद्दलही लिहिते आहे.

आधी दाखले काढा, स्वप्नं नंतर

सरकारी शाळेत शिकवण्यासाठी जपानमध्ये ‘शिक्षक’ या वर्गाचा रहिवासी दर्जा लागतो. त्याच्या दोन अटी आहेत. एक, पदवी. दुसरी, जी भाषा शिकवायची त्या भाषेच्या माध्यमातून किमान 12 वर्षांचं शिक्षण. आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या उमेदवारांचं गाडं या दुसऱ्या अटीवर अडतं आणि ते त्यांना शेवटच्या टप्प्यावर कळतं.

हिशेब सरळ आहे. पहिलीपासून बारावीपर्यंत इंग्रजी माध्यम असेल तर 12 वर्षं तिथेच भरली. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढे अकरावी-बारावी, तीन वर्षांची पदवी, दोन वर्षांचं एम.ए. असं इंग्रजीतून झालं असेल तर 7 वर्षं होतात. ती पुरत नाहीत. सेमी-इंग्रजीची वर्षं सरसकट धरली जातील असं समजून चालू नका.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी इथेच लेख बंद करू नये. खासगी इंग्रजी संभाषणवर्गांना तिथे एइकाइवा म्हणतात. त्यांची नोकरी वेगळ्या रहिवासी दर्जावर मिळते आणि त्याला 12 वर्षांची ही अट नाही, भाषा शिकवण्यासाठी पदवी चालते. दुसरी वाट जपानी भाषेची आहे. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-1 किंवा एन-2 ही वरची पातळी गाठली असेल तर गावाच्या कचेरीत आंतरराष्ट्रीय संबंध समन्वयक म्हणून जागा असतात. त्या कामात भाषांतरही असतं आणि शाळाभेटीही. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकून लोक या पातळ्यांपर्यंत पोहोचतात, आणि परीक्षाही पुण्यातच देता येते.

माध्यमाचा पुरावा मात्र आजच जमवायला घ्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माध्यम लिहिलेलं असेलच असं नाही. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी इंग्रजीत पत्र घ्या: कोणत्या इयत्तेपासून कोणत्या इयत्तेपर्यंत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, माध्यम इंग्रजी. शाळा बदलली असेल तर प्रत्येक शाळेचं वेगळं पत्र, ज्युनियर कॉलेजचं वेगळं, विद्यापीठाचं वेगळं. मे महिन्यात शाळेची कचेरी अर्धवट चालू असते, तेव्हा जून उजाडेपर्यंत थांबू नका.

नावाची जुळणी हा दुसरा खड्डा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आईचं नाव वेगळ्या रकान्यात असतं, आणि पासपोर्टवर हाच क्रम वेगळा असतो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर पदवीवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं. जपानी कारकून अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. विवाहनोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद इंग्रजीत तयार ठेवा.

नोकरीच्या वाटा

सगळ्यात नावाजलेली वाट जेट प्रोग्रामची. 1987 साली सुरू झालेला हा जपान सरकारचा कार्यक्रम आहे. अर्ज दूतावासामार्फत करायचा असतो. साधारण शरद ऋतूत अर्ज, जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखत, वसंतात निकाल आणि जुलै-ऑगस्टमध्ये प्रस्थान असा त्याचा क्रम. पहिल्या वर्षाचं मानधन अनेक वर्षं 33 लाख 60 हजार येन होतं, ते 2025 पासून 40 लाख 20 हजार येन झालं. जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. भारत सहभागी देशांत आहे, पण इथून निवडले जाणारे लोक अगदी थोडे असतात. दिल्लीच्या जपानी दूतावासाची त्या-त्या वर्षीची सूचना नीट वाचा, कारण कोणती पदं खुली आहेत ते तिथेच कळतं. अर्ज जरूर करा, पण केवळ त्याच्या भरवशावर बसू नका.

दुसरी वाट डिस्पॅच कंपनीची. गावाचं शिक्षण मंडळ कंपनीला कंत्राट देतं आणि कंपनी तुम्हाला शाळेत पाठवते. एप्रिलमध्ये शाळा सुरू होतात, म्हणून मोठी भरती आदल्या शरद ऋतूपासून चालते. पगार महिन्याला साधारण 2 ते अडीच लाख येन. सही करण्याआधी चार प्रश्न लेखी विचारा. ऑगस्टच्या आणि मार्चअखेरच्या सुट्टीत पूर्ण पगार मिळतो का? आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन यांत कंपनी आपला वाटा भरते का, की आठवड्याचे तास मुद्दाम कमी दाखवून तो टाळते? गाडी लागली तर खर्च कोणाचा? आणि कंत्राट कोणत्या प्रकारचं आहे? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण कामाचा ठेका देण्याच्या कंत्राटात, म्हणजे ज्याला तिथे ग्योमु इताकु म्हणतात त्यात, शाळेतल्या शिक्षकाने तुम्हाला थेट सूचना देणं कायद्यात बसत नाही. मग एकाच वर्गात उभे असलेले दोन शिक्षक धड्याबद्दल बोलताना अडखळतात. मुलांचं त्यात नुकसान होतं, म्हणून मला ही पद्धत मनापासून खटकते.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत चांगली वाट म्हणजे गावाच्या शिक्षण मंडळाची थेट नेमणूक. अशी नेमणूक 2020 पासून बहुधा वर्षावर्षाच्या कराराने होते. पगार बरा, विमा नीट, आणि गावाच्या कचेरीतले लोक तुम्हाला आपला माणूस समजतात. अडचण अशी की या जागा बहुतेक वेळा आधीच जपानमध्ये असलेल्यांना मिळतात. म्हणून कित्येकजण एक-दोन वर्षं डिस्पॅचमध्ये काढून, तेवढ्यात जपानी सुधारून, मग थेट नेमणुकीकडे वळतात. ही चांगली योजना आहे.

‘फक्त मातृभाषा इंग्रजी असलेले’ असं लिहिलेल्या जाहिराती तुम्हाला दिसतील. त्यावर वेळ घालवू नका. भारतीय, फिलिपिनो, जमैकन, दक्षिण आफ्रिकी शिक्षक जपानी शाळांत आहेत. आणि मराठी माणूस तिथल्या शाळेत किती पुढे जाऊ शकतो त्याचं उदाहरण समोर आहे: 2019 साली टोकियोच्या एदोगावा वॉर्डातून नगरसेवक म्हणून निवडून आलेले योगेंद्र पुराणिक 2023 मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा दाइइची या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले.

मुलाखतीत पाच मिनिटांचा नमुना धडा घ्यायला सांगतात. समोर मोठी माणसं बसलेली असतात आणि त्यांना पाचवीतली मुलं समजून शिकवायचं असतं. इथे आपली बी.एड.ची सवय आडवी येते: आपण समजावून सांगायला लागतो. समजावू नका. चार चित्रं घ्या, एक वाक्यरचना घ्या, हावभाव करा, त्यांना बोलतं करा. स्वतःच्या उच्चारांवर आधी काम करा. आपण ‘व’ एकच म्हणतो, इंग्रजीत ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ वेगळे आहेत. आपला ट-ड जिभेला मागे वळवून येतो, तो दातांच्या मागच्या हिरडीपाशी आणा. ‘थिंक’ला थाळीतला थ वापरू नका. जपानी मुलांना र आणि ल, ब आणि व्ह यांतला फरक मुळातच कठीण जातो, त्यांना तुमच्या तोंडून तो स्पष्ट ऐकू आला पाहिजे.

जाण्याआधीचं जपानी

टोकियोत इंग्रजीवर निभावेल, गावात निभावणार नाही. किमान हिरागाना आणि काताकाना या दोन लिपी आणि एन-5 या सर्वांत सोप्या पातळीची वाक्यं घेऊन जा. मराठी वाचकाला इथे एक फायदा आहे: या दोन्ही ‘काना’ लिपींचा तक्ता आपल्या वर्णमालेच्या क्रमाने लागतो, कारण तो क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिकडे गेला. अ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. तक्ता एका आठवड्यात डोक्यात बसतो. क्रियापद शेवटी येतं, आणि ‘शाळेत’, ‘शाळेला’ असे आपण नामाला प्रत्यय लावतो तसेच तेही लावतात. इंग्रजी बोलणाऱ्या सहकाऱ्यांपेक्षा आपली जीभ लवकर वळते.

व्हिसा आणि बॅग

नोकरी पक्की झाली की मालक जपानच्या इमिग्रेशनकडून पात्रता प्रमाणपत्र काढतो, ज्याला सगळे सीओई म्हणतात. त्यात एक ते तीन महिने सहज जातात. ते दिल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये उतरायचं असतं. व्हिसाचा अर्ज महाराष्ट्रातल्यांनी मुंबईच्या जपानी वकिलातीकडे, व्हीएफएस केंद्रामार्फत करायचा.

औषधांबद्दल सावध राहा. स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन असलेली सर्दी-खोकल्याची औषधं नेऊ नका. डॉक्टरने लिहून दिलेली औषधं महिन्याभरापेक्षा जास्त न्यायची असतील तर आधी जपानी आरोग्य खात्याची परवानगी काढावी लागते. ताजा कढीपत्ता, फळं, बियाणं, कच्ची कडधान्यं वनस्पती तपासणीच्या दाखल्याशिवाय विमानतळावर काढून घेतली जातात. बंद पाकिटातले मसाले, हिंग, गोडा मसाला भरा. कुकर न्या. मिक्सर नेऊ नका, जपानमध्ये वीज 100 व्होल्टची आहे आणि आपला 230 व्होल्टचा मिक्सर तिथे नुसता घरघरतो.

काळा किंवा गडद निळा सूट हवाच, कारण एप्रिलच्या प्रवेश समारंभाला आणि मार्चच्या निरोप समारंभाला सगळे गडद कपड्यांत येतात. आणि मऊ तळव्याचे स्वच्छ बूट, फक्त शाळेच्या आत घालायला. दारातल्या कपाटात बाहेरचे बूट काढून ठेवायचे आणि हे घालायचे. मोठ्या मापाचे बूट गावात मिळत नाहीत, पाय मोठा असेल तर इथूनच घेऊन जा.

सोबत 3 लाख येनच्या आसपास ठेवा. 100 येन म्हणजे साधारण 55 ते 60 रुपये, भाव वरखाली होतो. पहिला पगार यायला महिना, कधी त्याहून जास्त वेळ लागतो आणि घराचा सुरुवातीचा खर्च त्याआधी उभा राहतो.

पहिले चौदा दिवस

मोठ्या विमानतळावर उतरताच रहिवासी कार्ड मिळतं. ते सतत अंगावर बाळगायचं. राहायची जागा ठरल्यापासून 14 दिवसांत गावाच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा. त्याच फेरीत आरोग्य विम्याची चौकशी करा. विमा असला की डॉक्टरच्या बिलाचा 30 टक्के भाग आपण भरतो. मग बँक, मग फोन. बऱ्याच बँका फोन नंबर मागतात आणि फोनवाले बँक खातं मागतात, म्हणून पहिल्या दिवशी शिक्षण मंडळाच्या माणसाला सोबत यायची विनंती करा. तो येतो. गावात हे त्याचं कामच समजलं जातं.

नावाचा काताकानातला शिक्का करून घ्या. त्याची गरज कमी होत चालली असली तरी गावातले छोटे व्यवहार आजही शिक्क्यावर चालतात.

घर, कचरा आणि शेजार

घर शिक्षण मंडळाने दिलं तर उत्तम. स्वतः घ्यायचं तर अनामत, घरमालकाला द्यायची परत न मिळणारी भेटरक्कम, हमी कंपनीचं शुल्क, असं मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम सुरुवातीला जाते. गावात एका माणसाचं घर 40-50 हजार येन भाड्यात मिळतं.

पत्ता मिळाल्यावर पहिली वस्तू मागायची ती कचऱ्याचं वेळापत्रक. गावाचं नाव छापलेल्या ठरलेल्या पिशव्या सुपरमार्केटमध्ये विकत मिळतात. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, प्लास्टिक वेगळ्या दिवशी, काच आणि डबे महिन्यातून एक-दोनदा, तेही सकाळी आठच्या आत आणि जाळीखाली. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण काढायचं, वरचं वेष्टण सोलायचं, बाटली धुऊन दाबायची. चूक झाली तर पिशवीवर लाल चिठ्ठी चिकटवून ती तशीच ठेवली जाते आणि ती कोणाची ते सगळ्या गल्लीला कळतं, कारण परदेशी माणूस तिथे एकच असतो.

आल्या आल्या दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरी छोटी भेटवस्तू घेऊन ओळख करून द्या. चहाचा मसाला किंवा काजूचं पाकीट पुरतं. गल्लीचं मंडळ असतं, त्याची वर्गणी द्या. एका फाईलमध्ये सूचना घरोघर फिरतात. वाचता आलं नाही तरी आपला शिक्का मारून पुढच्या घरी नेऊन द्यायची, ती आपल्या घरात अडकवून ठेवू नका. धोक्यांचा नकाशाही गावाच्या कचेरीतून घ्या. दरड कुठे कोसळू शकते, पाणी कुठपर्यंत येतं, आसरा कुठे घ्यायचा हे त्यात असतं, आणि आसऱ्याची जागा बहुधा तुमचीच शाळा असते. पोलीस 110, अग्निशमन आणि रुग्णवाहिका 119.

शाळेतला दिवस

शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. तिसरी-चौथीला वर्षाला 35 तास इंग्रजीची तोंडओळख, पाचवी-सहावीला 70 तास आणि 2020 पासून तो रीतसर विषय, माध्यमिक शाळेत 140 तास. प्राथमिक तास 45 मिनिटांचा, माध्यमिक 50चा. गावातला एएलटी बहुतेक वेळा एका शाळेत नसतो. आठवड्यात तीन-चार शाळा फिरतो.

सकाळी पोहोचल्यावर शिक्षकांच्या खोलीत शिरताना मोठ्याने ‘ओहायो गोझाइमास’ म्हणा. कोणी मान वर केली नाही तरी म्हणा. सगळ्यांचे डेस्क एकमेकांना चिकटून असतात, पुढे उपमुख्याध्यापक बसतात आणि मागे मोठा फळा. महिन्याचा प्रत्येक कार्यक्रम त्यावर लिहिलेला असतो. तुम्हाला कोणी सांगणार नाही की उद्या दुसरा तास रद्द आहे, पण ते फळ्यावर लिहिलेलं असेल. म्हणून ‘तास’, ‘रद्द’, ‘सहल’, ‘परीक्षा’, ‘क्रीडादिन’ या शब्दांचे कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, आधी शिका. उपमुख्याध्यापकांशी संबंध चांगला ठेवा. रजा, चाव्या, छपाई, दूरध्वनी, सगळं त्यांच्या टेबलावरून जातं.

प्राथमिक शाळेत वर्गशिक्षकच इंग्रजी घेतो आणि त्याला स्वतःला इंग्रजीची धास्ती असते. कागदावर तुम्ही सहायक असलात तरी तास तुमच्यावर सोपवला जाईल. तयारी अशी ठेवा की तास तुम्ही चालवाल, पण शिक्षकाला मुलांसमोर कमीपणा येणार नाही. त्याला सोपी वाक्यं द्या, संवादात त्याला ग्राहक आणि स्वतःला दुकानदार करा. आपल्या शिक्षकाला धडपडत का होईना इंग्रजी बोलताना पाहिलं की मुलांची भीड चेपते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. माध्यमिक शाळेत उलट होतं. तिथला इंग्रजीचा शिक्षक पाठ्यपुस्तक पुढे रेटण्याच्या घाईत असतो, हायस्कूलच्या प्रवेश परीक्षेचं ओझं असतं आणि तुम्हाला धडा वाचून दाखवायला उभं केलं जातं. चिडू नका. तासाची पहिली पाच मिनिटं मागून घ्या. बहुतेक शिक्षक ती आनंदाने देतात.

त्या पाच मिनिटांत काय करायचं? पाचवीचा एक तास सांगते. विषय होता ‘काय करता येतं’. फळ्यावर चार चित्रं: पोहणं, स्वयंपाक, एकचाकी चालवणं, पियानो. जपानच्या प्राथमिक शाळांच्या मैदानावर एकचाकी सायकली रांगेत लावलेल्या असतात, त्यामुळे ती प्रत्येकाला ठाऊक. मी म्हणाले, मला एकचाकी येत नाही. वर्ग हसला. मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी हळूच म्हणाली, ‘आय कॅन.’ वर्गशिक्षकाने लगेच विचारलं, ‘कॅन यू टीच हर?’ मधल्या सुट्टीत ती मला मैदानावर घेऊन गेली आणि लोखंडी कठड्याला धरून कसं बसायचं ते इंग्रजीच्या तीन शब्दांत आणि बाकी हातवाऱ्यांत शिकवलं. पुढच्या तासाला तिने हात वर केला. मुलांना जे तुमच्यापेक्षा चांगलं येतं त्याबद्दल त्यांना बोलू द्या. शाळेतल्या इंग्रजीत मला यापेक्षा उपयोगी युक्ती सापडलेली नाही.

पत्त्यांचा करुता खेळ, बिंगो, जोडीने मुलाखत घेणं हे रोजचं साहित्य. पण प्रत्येक खेळात मुलाने निदान एक वाक्य बोलायलाच हवं अशी रचना करा, नाहीतर तास गोंगाटात संपतो. भारताबद्दल बोलायला सांगतात तेव्हा ताजमहाल सगळे दाखवतात. तुम्ही आपल्या शाळेचा फोटो दाखवा, डबा दाखवा, पावसात भिजत शाळेत जाणारी मुलं दाखवा. समवयस्क मुलांबद्दल त्यांचे प्रश्न संपत नाहीत.

दुपारी जेवण झाल्यावर शाळेची सफाई मुलं आणि शिक्षक मिळून करतात. बहुतेक शाळांत शिपाई झाडू मारत नाही. फडकं घ्या आणि मुलांसोबत वऱ्हांडा पुसा. त्या पंधरा मिनिटांत मुलं जितकी मोकळी बोलतात तितकी वर्गात बोलत नाहीत. घरी निघताना ‘ओसाकी नि शित्सुरेइ शिमास’ म्हणायचं, म्हणजे तुमच्या आधी निघते, माफ करा. न बोलता निघून जाणं फार वाईट दिसतं.

शाकाहाऱ्यांनी हे वाचावंच

शाळेचं जेवण सगळ्यांना एकच असतं: भात किंवा पाव, सूप, भाजी, मासा किंवा मांस आणि दुधाची 200 मिलीची बाटली. महिन्याला साधारण 5 हजार येन. भाजी दिसली तरी ती डाशी नावाच्या सारात शिजलेली असते आणि डाशी बहुधा बोनिटो माशाच्या कापापासून करतात. पावातही कधी चरबी असते. तुम्ही मांस-मासे खात नसाल तर पहिल्याच आठवड्यात उपमुख्याध्यापकांना सांगून स्वतःचा डबा आणायची परवानगी घ्या. कारण दोन वाक्यांत सांगा, धर्माची चर्चा नको. अंडं आणि दूध चालतं का तेही स्पष्ट सांगा. ‘शाकाहारी’ एवढं ऐकून मासा वाढणारी माणसं प्रेमानेच वाढतात. मुलांसोबत वर्गात बसूनच जेवा, डबा वेगळा असला तरी जागा तीच ठेवा.

घरी स्वयंपाक सहज होतो. तांदूळ चिकट, आखूड दाण्याचा. वरण-भाताला तो उत्तम लागतो, पुलावाला नाही. कोबी, मुळा, पालक, भोपळा, वांगी, टोफू गावात मुबलक. शेतकऱ्यांच्या थेट विक्री केंद्रावर भाजी ताजी आणि स्वस्त मिळते, वर विकणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं आणि तो बऱ्याचदा तुमच्या विद्यार्थ्याचा आजोबा निघतो. तूरडाळ, आटा, पोहे टोकियोच्या भारतीय दुकानांतून ऑनलाइन मागवा, एकदम 10 किलो मागवलं तर टपालखर्च परवडतो. जिरं-हळद जवळच्या शहरातल्या ग्योमु सुपर या सुपरमार्केटमध्ये मिळते.

गाडी आणि थंडी

गावात बस दिवसातून चार वेळा येते, तेव्हा गाडी लागतेच. आपल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो, कारण दोन्ही देश 1949 च्या जिनिव्हा करारात आहेत. पण उतरल्यापासून फक्त एक वर्ष. त्याच्या आत जपानी परवाना करून घ्यायचा. भारतीयांना लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात आणि ऑक्टोबर 2025 पासून लेखी परीक्षा बरीच कठीण केली आहे. वर्ष संपायच्या सहा महिने आधीच सुरुवात करा. पिवळ्या पाटीची छोटी केइ गाडी घ्या, कर आणि विमा कमी पडतो. जुनी गाडी घेताना शाकेन, म्हणजे सक्तीची तपासणी, किती महिने शिल्लक आहे ते आधी बघा. ती संपत आली असेल तर स्वस्त गाडी महागात पडते. दारू प्यायल्यानंतर थेंबभर असली तरी गाडीला हात लावायचा नाही. नोकरी त्याच दिवशी जाते.

थंडीची कल्पना महाबळेश्वरवरून करू नका. जुन्या घरांना उष्णतारोधक भिंती नसतात, सकाळी घरात वाफ दिसते. रॉकेलचा स्टोव्ह, कोतात्सु म्हणजे खालून ऊब देणारं बुटकं टेबल, आणि विजेची चादर या तीन गोष्टी नोव्हेंबरच्या आत घ्या. स्टोव्ह चालू असताना खिडकी थोडी उघडा आणि झोपण्याआधी बंद करा. कडाक्याच्या रात्री नळ बारीक सुरू ठेवायला शेजारी सांगतील. त्यांचं ऐका, पाइप फुटला तर खर्च मोठा आहे.

जानेवारी-फेब्रुवारी मनालाही जड जातात. अंधार पाचला पडतो, रस्त्यावर माणूस नसतो, घरी फोन लावावा तर तिकडे दुपार असते. यावर एकच उपाय मला पटतो: आठवड्यातून एक संध्याकाळ गावाच्या सामुदायिक सभागृहात ठरवून टाका. तायको ढोल, सुलेखन, बॅडमिंटन, काहीही. प्रौढांसाठी इंग्रजीचा वर्ग चालवलात तर आजी-आजोबा घरचं लोणचं घेऊन येतात. पैसे घेऊन शिकवायचं असेल तर मात्र आधी इमिग्रेशनची वेगळी परवानगी काढा. ‘शिक्षक’ दर्जावर खासगी शिकवणी आपोआप चालत नाही.

गणपतीत सुट्टी मिळणार नाही, सप्टेंबरात शाळा जोरात असते. दिवाळीही सत्रात येते. घरी जायचं तर ऑगस्ट किंवा डिसेंबरअखेर. वर्षाच्या आत परत येणार असाल तर विमानतळावरच्या फॉर्मवर पुन्हा प्रवेशाच्या चौकोनात खूण करायला विसरू नका, नाहीतर रहिवासी दर्जा रद्द होतो.

पैसे, आणि निघताना

पहिल्या वर्षी पगार भरपूर वाटतो, कारण रहिवासी कर अजून सुरू झालेला नसतो. तो आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर लागतो आणि दुसऱ्या वर्षाच्या जूनपासून भरायचा असतो, करपात्र उत्पन्नाच्या सुमारे 10 टक्के. पहिल्या वर्षापासूनच महिन्याला काही रक्कम बाजूला काढा. देश सोडला तरी राहिलेला कर माफ होत नाही. नोकरी बदलली तर 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं, हे कंपनी तुमच्यासाठी करत नाही.

करार पुढे न्यायचा की नाही हे साधारण जानेवारीच्या सुमारास विचारतात. नाही म्हणणार असाल तर लवकर सांगा, शाळेला दुसरा माणूस शोधायचा असतो. निघताना गावाच्या कचेरीत पत्ता रद्द करा, गाडी नावावरून काढा, मोठा कचरा आगाऊ नोंदवून पाठवा. त्याची तारीख तीन-चार आठवड्यांनंतरची मिळते.

निवृत्तिवेतनात भरलेल्या पैशांचा एक भाग देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत एकरकमी परत मागता येतो. पाच वर्षांपर्यंतचीच वर्षं त्यात धरतात. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार 2016 पासून लागू आहे, पण ही रक्कम उचलली की ती वर्षं पुढे निवृत्तिवेतनासाठी धरली जात नाहीत, तेव्हा पुन्हा जपानला जायचा विचार असेल तर थांबा. नोकरदारांच्या निवृत्तिवेतनाच्या रकमेतून 20.42 टक्के कर कापला जातो. तोही परत मिळू शकतो, मात्र त्यासाठी जपान सोडण्याआधी तिथल्या कोणाला तरी तुमचा करप्रतिनिधी म्हणून कर कार्यालयात नोंदवावं लागतं. शाळेतला एखादा विश्वासू सहकारी हे करतो. शेवटच्या आठवड्याच्या धावपळीत हे मागे पडतं, म्हणून फेब्रुवारीतच त्याला विचारून ठेवा.